मापाड्याच्या छातीवरची पट्टी

उदगीर
१२ मार्च २०१६

अक्का,

धाकटीचा नमस्कार, शरणु शरणार्थी.

फोन तुम्हीच उचलला होता. माझा आवाज ऐकून ठेवून दिलात, तेही कळलं. दुसऱ्यांदा लावला तेव्हा वाजत राहिला. म्हणून पत्र लिहितेय. नांदेडच्या वसतिगृहाच्या पत्त्यावर टाकते, कारण तुमच्या खोलीचा पत्ता इथं कुणाकडेच नाही. तिथल्या पोरींच्या पोळ्या लाटताना कुणी हे आणून दिलं, तर वाचल्याशिवाय चुलीत घालू नका.

काही मागायला लिहीत नाही. कळवायला लिहिते.

आता सुरुवातीलाच अडले. ह्यांना काय म्हणून लिहू? तुमचे म्हणू की माझे? एकाच माणसाच्या दोन बायका, त्यातून सख्ख्या बहिणी, त्यांनी एकमेकींना पत्रात काय लिहायचं हे आपल्या आईनं, अव्वानं, कधी शिकवलं नाही. अडत बाजारात सगळे मापाडी म्हणतात, मीही तेच म्हणते.

तर मापाड्यांच्या छातीत दुखतंय. संक्रांतीनंतर सुरू झालं. बाजारात तुरीची पोती काट्यावर चढत होती, हे मोठ्यानं वजन बोलता बोलता मधेच थांबले आणि पोत्यावर बसले. वीरण्णा शेठनं सोडा पाजला. गॅस झाला असेल म्हणून घरी आणून सोडलं. घरी येऊन दोन पायऱ्या चढले आणि घामानं निथळले. डावा हात धरून बसले. मी विचारलं, "काय होतंय?" तर म्हणाले, "काय न्हाई. छातीवर कुणी पोतं ठेवल्यावानी वाटायलंय."

पुतण्या रेवणसिद्ध आहे, तुम्ही गेलात तेव्हा लहान होता, आता रिक्षा चालवतो. त्यानं लातूरला नेलं. डॉक्टर म्हणाले, हृदयाला रक्त नेणारी नळी आवळत चाललीय, आत तार घालून बघावं लागेल. मापाडी म्हणाले, "मला फाडून घ्यायचं न्हाई." डॉक्टरांनी सांगितलं की फाडत नाहीत, मनगटातून तार घालतात. हे तोंड फिरवून बसले. त्यांचा स्वभाव तुम्हाला मी काय सांगावा.

मग गोळ्या दिल्या आणि ही पट्टी दिली. कागद सोलून छातीवर चिकटवायची. त्यातलं औषध कातडीतून आत झिरपतं आणि नळ्या सैल होतात. सकाळी लावायची, झोपताना काढून टाकायची. रात्री छाती मोकळी ठेवायची, नाहीतर अंगाला सवय होते आणि गुण येत नाही. रोज जागा बदलायची, त्याच ठिकाणी लावली तर कातडी सोलते.

पहिले काही दिवस त्यांचं डोकं असं दुखलं की भिंतीला टेकून रडत होते. डॉक्टर म्हणाले, औषधानंच दुखतं, हळूहळू कमी होईल. मापाडी म्हणायचे, "छाती परवडली, डोकं नको," आणि ओरबाडून काढायचे. मी दुसरी लावायची.

मीच लावते. त्यांना स्वतःला नीट लावता येत नाही, बोटं जाड झालीत, कडा दुमडतात. अक्का, इतक्या वर्षांत त्यांच्या छातीला मी दिवसाउजेडी हात लावला नव्हता. आता रोज सकाळी त्यांची लिंगपूजा झाली की गळ्यातलं इष्टलिंग बाजूला धरते, केस कातरीनं बारीक करते, पुसते आणि तळहातानं पट्टी दाबून धरते. ते छताकडे बघत असतात.

बाकी ठीक. तुमची तब्येत कळवा.

शिवकन्या


उदगीर
२४ एप्रिल २०१६

अक्का,

कार्ड मिळालं. एकच ओळ आहे, "पत्र टाकू नको." म्हणजे आधीचं वाचलंत. मला तेवढं पुरे.

टाकू नको म्हणालात तरी टाकतेय, कारण हे दुसऱ्या कुणाला सांगता येत नाही.

इथं पाणी संपलंय. लातूरला रेल्वेनं पाणी आलं ते तुम्ही टीव्हीवर बघितलं असेल. आमच्या गल्लीत टँकर येतो तो कधी सकाळी, कधी दुपारी, कधी येतच नाही. अंघोळ म्हणजे तांब्याभर पाण्यात पंचा बुडवून अंग पुसणं. मापाडी पूजेला वाटीभर बाजूला काढतात, ते मात्र सोडत नाहीत. आणि ऊन असं की सकाळी पट्टी लावावी आणि दुपारच्या आत ती घामानं सुटून लोंबकळावी. अंग स्वच्छ नाही, कोरडं नाही, ती धरणार कशी? कधी बनियनला चिकटलेली सापडते, कधी उशीला. वरून कापडाची चिकटपट्टी लावून बघितली तर खाली पुरळ उठलं.

मागच्या आठवड्यात झालं ते सांगते.

दुपारी ते खाटेवरून उठताना लटपटले, म्हणून मी काखेत हात घालून उभं केलं, मोरीपर्यंत नेलं, परत आणून निजवलं. तेवढ्यात टँकरचा भोंगा वाजला. मी घागरी घेऊन पळाले. रांगेत उभी राहिले आणि डोक्यात घण पडायला लागले. कानशिलं फुटतील असं वाटलं. तोंड तापलं, डोळ्यांपुढं पिवळं झालं. घागर हातातून सुटली एवढं आठवतं.

शुद्धीवर आले तेव्हा बायकांनी मला सावलीत ओढून ठेवलं होतं. कुणी म्हणे ऊन लागलं, कुणी म्हणे उपास असेल. शेजारची केवळाबाई तोंडावर पाणी मारत होती. पाणी, अक्का! त्या दिवसांत कुणी तोंडावर मारायला पाणी देत नाही, तिनं स्वतःच्या घागरीतलं दिलं. बाही वर सारताना तिला माझ्या कोपराच्या आतल्या बाजूला काहीतरी दिसलं. म्हणाली, "बाई, हे काय चिकटलंय तुला?"

त्यांची पट्टी. त्यांना उचलताना घामानं सुटून माझ्या हाताला चिकटली होती. त्यांचं औषध माझ्या अंगात गेलं होतं.

मी ती उपटून टाकली आणि तशीच घराकडे धडपडत निघाले, कारण पट्टी माझ्या हातावर म्हणजे त्यांच्या छातीवर नाही. ते खाटेवर बसून होते, ओठ काळेनिळे. गोळीची बाटली कोनाड्यात, चार पावलांवर, तिथपर्यंत जाता आलं नव्हतं. मी भिंत धरून गेले, जिभेखाली गोळी ठेवली आणि त्यांच्याच पायाशी खाली बसले. मला उभं राहवत नव्हतं. त्यांना बोलवत नव्हतं. टँकर निघून गेला, घागरी रिकाम्या तिथंच पडल्या. बऱ्याच वेळानं केवळाबाई बघायला आली तेव्हा आम्ही दोघं तसेच बसलेलो. ती म्हणाली, "अगं, दोघांतल्या एकानं तरी उभं ऱ्हायला पायजे की."

तेच म्हणते मी, अक्का. दोघांतल्या एकानं उभं राहायला पाहिजे. आणि रोज मला राहता येईलच असं नाही.

तुम्हाला या म्हणत नाही. लिहिलं फक्त.

शिवकन्या


उदगीर
९ मे २०१६

अक्का,

आज बसवजयंती. मिरवणूक आत्ता गल्लीच्या तोंडावरून गेली, ढोल अजून ऐकू येतोय. मापाडी दारात खुर्ची टाकून बसलेत. हात जोडून झाले आणि लगेच शेजाऱ्याशी जिल्ह्याचं बोलणं सुरू झालं.

आता इथं दुसरा विषयच नाही. उदगीर जिल्हा होणार म्हणतात. चहाच्या टपरीवर, बाजारात, न्हाव्याकडे, सगळीकडे तेच. पाणी नाही, पण जिल्हा पाहिजे. मी एकदा हसून तसं बोलले, तर मापाडी चिडले. म्हणाले, "तुला काय कळतंय? जिल्हा झाला की मोठा दवाखाना हितंच होतो. छातीचा डॉक्टर हितं बसतो. मला लातूरला न्यायला दोन तास लागतेत. त्या दोन तासांत माणूस मरतंय, बाई."

म्हणजे ते हिशेब करून बसलेत. मला वाटत होतं त्यांना भीतीच नाही.

तुम्हाला आठवतं का, लातूर जिल्हा नवा झाला त्याच वर्षी मला या घरात आणलं. लोक पेढे वाटत होते आणि माझ्या अंगावर हळद. मला कुणी विचारलं नव्हतं. तुम्हालाही नाही. अव्वा म्हणाली, थोरलीची कूस उजवत नाही, परकी आणण्यापेक्षा पाठची बहीण बरी, दोघी एका ताटात जेवाल. जेवलोही. माझ्या तापात तुम्हीच उशाशी बसायचात. मग वर्षं गेली आणि माझ्याही पोटी काही आलं नाही. तेव्हा सगळ्यांना समजलं की खोट तुमच्यात नव्हती. समजलं, पण बोललं कुणी नाही. तुम्ही वाट बघितलीत की निदान ते एक शब्द बोलतील. ते रोज बाजारात जाऊन लोकांची वजनं मोठ्यानं बोलत होते आणि घरात येऊन मुके होत होते. एके दिवशी तुम्ही पेटी उचललीत. मी तुमच्या मागं एसटी स्टँडपर्यंत आले होते, तुम्ही वळून बघितलं नाहीत.

तेव्हा तुमचा राग कुणावर होता? त्यांच्यावर की माझ्यावर? इतकी वर्षं विचारायचं आहे. उत्तर नका देऊ वाटलं तर.

काल पट्टी लावताना ते म्हणाले, "नांदेडला कळवलंस का?" तुमचं नाव घेतलं नाही. मी म्हणाले, कळवलंय. "मग? येणार हाय का?" मी म्हणाले, उन्हाळ्याची सुट्टी लागली की येईन म्हणालीय.

खोटं सांगितलं. त्या कार्डातली ओळ कशी वाचून दाखवू?

सुट्टी तर लागलीच असेल.

शिवकन्या


उदगीर
२६ मे २०१६

अक्का,

चहा घेऊन आले तर दवाखान्यातल्या बाकावर तुमची जागा रिकामी. आधी वाटलं मोरीकडे गेल्या असाल. मग पिशवी नाही हे दिसलं. दवाखान्याच्या फाटकापर्यंत पळाले. पानवाला म्हणाला, एक बाई नांदेडकडं जाणाऱ्या अहमदपूरच्या गाडीत बसली. दोन्ही कप हातात घेऊन मी तिथंच उभी होते.

रागावले नाही. तुम्ही आलात. रेवणसिद्धाचा आवाज तुम्ही ओळखत नव्हता म्हणून फोनवर त्याचं बोलणं पुरतं ऐकून घेतलंत आणि ऐकल्यावर निघालात. तिथं बाकावर आपण इतका वेळ बसलो, पण तुम्ही कसं झालं ते विचारलं नाहीत, मलाही बोलता आलं नाही. म्हणून आता लिहिते.

जिल्ह्यासाठी मोर्चा होता. मी नको म्हणाले. डॉक्टरांनी बजावलं होतं की पट्टी अंगावर असताना उन्हात फिरायचं नाही, तापल्या कातडीतून औषध भसाभस आत जातं. मी म्हणाले, जायचंच असेल तर पट्टी काढून जा. ते म्हणाले, "आन वाटेत छाती धरली तर?" लावली तर ऊन, काढली तर छाती. चौकापर्यंत जातो म्हणाले आणि तहसीलपर्यंत गेले. वीरण्णा शेठनं नंतर सांगितलं, घोषणा ह्यांच्याच जोरात होत्या. काट्यावर वजन बोलायचा तो आवाज, तुम्हाला माहीत आहे. तहसीलच्या भिंतीशी बोलता बोलता खाली बसले. लोकांनी वाऱ्याला शर्ट उघडला, पट्टी तशीच. ती काढायची असते हे तिथं कुणाला माहीत असणार? मी घरी होते, घागरी भरत.

मग लातूरची वाट. ते दोन तास. रेवणसिद्ध पुढं बसून भोंगा वाजवायला लावत होता आणि मी त्यांचं डोकं मांडीवर धरून बसले होते. त्यांना थोडी शुद्ध आली तेव्हा विचारलं, "कुठवर आलो?" मी खिडकीतून बघितलं, सगळीकडे सारखीच करपलेली रानं. मी म्हणाले, आलंच लातूर. खूप लांब होतं अजून.

पुढचं तुम्ही बघितलंत. नर्स बाहेर येऊन म्हणाली, "पेशंटची बायको कोण? एकीलाच सोडते." आपण दोघी उठलो. मग तुम्ही खाली बसलात. मी म्हणाले, ही थोरली, हिला जाऊ द्या.

तुम्ही आत होता तेव्हा मी दाराच्या फटीशी उभी होते. तुम्हाला ते माहीत नाही. मी वाट बघत होते की आता तरी ते बोलतील. त्यांनी तुमच्याकडे कितीतरी वेळ बघितलं. त्यांचे ओठ हलले. आणि ते म्हणाले, "जेवलीस का?"

तुम्ही म्हणालात, "हाव."

"नांदेडला पाणी हाय का?"

"येतंय. एक दिवसाआड."

"मग बरं हाय."

बस, एवढंच. तुम्ही त्यांच्या शर्टाच्या गुंड्या लावल्या, नळ्यांवरून, सावकाश. मग बाहेर आलात आणि म्हणालात, "मला चहा पायजे." आता कळतं, मला तिथून हलवायला म्हणालात.

तुम्ही गेल्यावर मी आत गेले. ते भिंतीकडे तोंड करून होते. खांदे हलत होते. मी विचारलं, दुखतंय का? म्हणाले, "दुखत न्हाई. तिला सांगायचं ऱ्हायलं." काय सांगायचं होतं, मी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही.

तार घालायला ते शेवटी तयार झाले होते. आता डॉक्टरच नको म्हणतात. म्हणाले, हृदयाचा जोर फार कमी झालाय, थोडं सावरू दे, मग बघू. घरी पाठवलं, नव्या गोळ्या दिल्या आणि पुन्हा पट्टी. ती कमी जोराची आहे.

एकदा या. त्यांना सांगून होऊ द्या.

शिवकन्या


उदगीर
१४ जून २०१६

अक्का,

फोनवर तुम्ही "बरं" म्हणालात आणि ठेवलात.

कसं झालं ते तुम्हाला सांगायला हवं. सकाळी पूजा केली, मी पट्टी लावली. जेवले. दुपारी म्हणाले, पंखा असून नसल्यासारखा झालाय, जरा वारा घाल. मी सुपानं वारा घालत होते. ते बाजारातल्या कुठल्याशा जुन्या गमतीचं बोलत होते, कुणाच्या तरी पोत्यात धोंडा निघाला होता. बोलता बोलता झोपले. मी वारा घालतच राहिले. हात भरून आला तेव्हा थांबले आणि बघितलं तर छाती हलत नव्हती. मी कधीपासून नुसत्या देहाला वारा घालत होते, ते मलाच माहीत नाही. दुखलं नाही त्यांना. दुखलं असतं तर माझा हात धरला असता.

अंघोळ घालायला घरात पाणी नव्हतं. मी कुणाला मागितलं नाही. केवळाबाईनं घागर आणली, तिच्या मागून दुसरी आली, मग गल्लीतल्या ज्या बायका थेंबासाठी एकमेकींच्या झिंज्या धरत होत्या त्या तांब्या, कळशी, जे असेल ते घेऊन आल्या. बाप्ये अंघोळ घालत होते. आतून रेवणसिद्धानं हाक मारली, "काकू, ही काढायची का?"

पट्टी होती. सकाळी लावलेली. त्या दिवशी नेमकी कुठंच सुटली नव्हती, चारी कडा घट्ट. मी आत गेले. कुणीतरी म्हणालं, बाई आत नको. मी म्हणाले, रोज मीच काढते. नखानं कड उचलली आणि सावकाश सोलली. हातात घेतली तेव्हा मनात आलं, अजून निम्मं औषध असेल हिच्यात. माणूस गेला आणि ती आपली झिरपत बसली होती, घ्यायला कुणी नसताना.

मग विभूती लावली, बेल वाहिला, लिंग त्यांच्या डाव्या हातात दिलं आणि आपल्या लिंगायत रीतीनं बसवून नेलं. मी दारातून बघितलं. जिल्ह्याच्या मोर्च्यातले पुष्कळ लोक आले होते. वीरण्णा शेठ लहान पोरासारखे रडले.

तुम्ही याल म्हणून रेवणसिद्ध एसटी स्टँडवर जाऊन उभा होता. नांदेडच्या सगळ्या गाड्या बघून आला. तुम्ही मनाला लावून घेऊ नका. कुणासाठी यायचं होतं? ज्याला बोलायचं होतं तो बोलला नाही.

आता एकच विचारते, याचं मात्र उत्तर द्या.

काल केवळाबाई आणि भावकीतल्या दोन म्हाताऱ्या आल्या. म्हणाल्या, बांगड्या काढून घे, कुंकू पूस, आमच्या हातानं करतो, रडू नको. मी हात मागं घेतला. म्हणाले, थांबा, माझी थोरली आहे अजून. तिच्या आधी मी कशी काढू? म्हातारी म्हणाली, "अगं, तिचं काय त्यात? ती तर कवाच गेली." मी म्हणाले, ती गेली, पण फारकत घेतली नव्हती. कुंकू त्यांच्याच नावाचं लावत होती. दवाखान्यात मी बघितलं.

अक्का, तुम्ही नांदेडला बांगड्या ठेवल्यात की काढल्यात? तिथं तुम्हाला कुणी म्हणालं का काही? तिथं कुणाला माहीत तरी आहे का?

ठेवल्या असतील तर मीही ठेवते, कोण काय म्हणेल ते म्हणो. काढल्या असतील तर या आणि माझ्याही तुम्हीच काढा. त्या म्हाताऱ्यांच्या हातानं मला नको.

तुमची धाकटी
शिवकन्या